बारावीनंतर संगीतात पदवी: लेकीला पुण्याला पाठवू का?

कृष्णाकाठ
नमस्कार मंडळी. एरवी माझा मुक्काम पाककृतींच्या धाग्यांवर. इथं पहिल्यांदाच लिहितेय, चूकभूल पोटात घाला.

लेक बारावी कॉमर्सला आहे, सांगलीत. सात वर्षं झाली गाणं शिकतेय. मिरजेला एक बाई शिकवतात, त्यांच्याकडे आठवड्यातून तीनदा सिटी बसनं जाते. गेल्या सत्रात 'विशारद प्रथम' ही गाण्याची परीक्षा पास झाली. आता तिच्या डोक्यात एकच आहे, पुण्याला जायचं आणि संगीतातच बी.ए. करायचं. तिचे बाबा म्हणतात, इथंच बी.कॉम. कर, गाणं कुठं पळून जातंय? काल जेवताना पुन्हा तेच सुरू झालं, तर म्हणाली, "दिवसभर टॅली आणि संध्याकाळी बडा ख्याल, बाबा, तुम्हीच करून दाखवा." ताटावरून उठली नाही एवढंच.

माझं स्वतःचं गाणं भोंडल्यापुरतं, त्यामुळे मला यातलं काही कळत नाही. संगीताच्या पदवीला पुढं किंमत आहे का? विशारद होतेच आहे, मग कॉलेज वेगळं काय देणार? आणि पोट भरतं का हो यावर? खरं सांगा, गोड नको.

बेरीज_वजाबाकी
खरं सांगा म्हणालात म्हणून सांगतो. बी.कॉम. करू द्या, सोबत गाणं चालू ठेवा. डॉ. प्रभा अत्रे विज्ञानाच्या आणि कायद्याच्या पदवीधर होत्या. अश्विनी भिडे-देशपांडे यांची डॉक्टरेट बायोकेमिस्ट्रीतली. दोघींचं गाणं कुठं अडलं? माझ्याकडे कर भरायला येणारे दोन गायक आहेत, दोघांचंही मुख्य उत्पन्न नोकरीचं. आकडे खोटं बोलत नाहीत.

सहज_आलो
वाचतोय. पुतणीचा सेम टू सेम केस.

तीव्र_मध्यम
कृष्णाकाठताई, मी हेच केलंय. पुण्यात संगीतात बी.ए., मग एम.ए. आता सकाळी एका शाळेत संगीत शिक्षिका, संध्याकाळी घरी वर्ग, मध्ये जमतील तसे कार्यक्रम. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी शब्दांचा घोळ सोडवू. "संगीतात बी.ए." म्हणून लोक दोन अगदी वेगळ्या गोष्टी सांगतात. एक म्हणजे साधं आर्ट्‌स कॉलेज, जिथं इतिहास, मराठी, अर्थशास्त्राबरोबर संगीत हा एक विषय असतो. आठवड्याला काही तास, त्यातले निम्मे तास थिअरी. दुसरं म्हणजे जिथं अख्खा दिवसच संगीताचा असतो. पुण्यात विद्यापीठाच्या आवारातलं ललित कला केंद्र, १९८७ पासून चालू आहे आणि नावातच 'गुरुकुल' आहे. भारती विद्यापीठाचं स्कूल ऑफ परफॉर्मिंग आर्ट्‌स आहे. मुंबईत विद्यापीठाचा संगीत विभाग, एस.एन.डी.टी. आणि तुमच्या जवळ कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठाचा संगीत व नाट्यशास्त्र विभाग. प्रत्येकाचा घाट वेगळा. माहितीपत्रक मागवून आठवड्याचं वेळापत्रक आधी बघा, बाकीचं गुळगुळीत छापलेलं नंतर.

आता कॉलेज काय देतं? मला काय मिळालं ते सांगते. गाणं मला माझ्या गुरूंनी दिलं, कॉलेजनं नाही. कॉलेजनं दिली ती सकाळ. तीन वर्षं पहाटे पाच ते साडेआठ मला कुणी "आधी अभ्यास कर" म्हणालं नाही, कारण तोच अभ्यास होता. बी.कॉम.च्या मुलीला ती सकाळ चोरून घ्यावी लागते. दुसरं म्हणजे सोबत. आमच्या वर्गात एक कथ्थकची मुलगी, दोन तबलेवाले आणि एक नाटकवाला असे आम्ही कँटीनमध्ये पडीक असायचो. ठेका धरायला माणूस कधीही मिळायचा. घरी एकटं बसून ॲपवर तीनताल लावून गाणं आणि समोर हाडामांसाचा तबलेवाला असणं, यात जमीनअस्मानाचा फरक. ॲप तुमच्यासाठी थांबत नाही आणि चुकलात तर हसतही नाही.

काय नाही दिलं? मंचावर कसं बसायचं, आयोजकाला पैसे कसे मागायचे, पावती कशी करायची, हे एका अक्षरानं कुणी शिकवलं नाही.

आणि बेरीजभाऊ, अश्विनीताईंचं उदाहरण सगळेच देतात. पण त्यांची आई माणिक भिडे, किशोरी आमोणकरांच्या शिष्या. गुरू स्वयंपाकघरात होता हो! कृष्णाकाठताईंच्या लेकीला त्यासाठी सिटी बस पकडावी लागतेय.

बेरीज_वजाबाकी
मुद्दा मान्य. पण सकाळ मिळावी म्हणून तीन वर्षं आणि होस्टेलचा खर्च?

तीव्र_मध्यम
हो. इंजिनियरिंगला चार वर्षं घालून आयटीत जाणारे सिव्हिलवाले मोजायचे का मग? (हलके घ्या.)

निवृत्त_मास्तर
छत्तीस वर्षे शाळेत संगीत शिकवले, परीक्षकाचे कामही पुष्कळ केले. दोन शब्द.

विशारद आणि पदवी यांची गल्लत करू नये. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा म्हणजे प्रारंभिकपासून वर चढत जाणारी शिडी आहे. प्रवेशिका दोन, मध्यमा दोन, मग विशारद प्रथम आणि पूर्ण, त्याच्या वर अलंकार. शिडी उत्तम आहे, मुलाला शिस्त लागते, दहावीला वाढीव गुणही मिळतात. पण परीक्षेपुरते राग बसवणारी मुले मी शेकड्याने पाहिली. विशारदला बसलेल्या एका मुलाला मी म्हटले, "बिहाग नको, फक्त बिहागातला निषाद लाव आणि तिथून षड्जावर ये." मुलगा माझ्याकडे बघतच राहिला. बंदिश, आठ आलाप, आठ ताना पाठ होत्या. निषाद त्याला कुणी एकटा भेटवलाच नव्हता.

आपल्या मुलीला त्या मिरजेच्या बाई काय शिकवतात, परीक्षा की राग, हे आधी पाहावे. राग शिकवत असतील तर पुण्यात तसा माणूस मिळेल का, एवढा एकच प्रश्न विचारावा. कॉलेजची भिंत, रंग, नाव, सगळे दुय्यम.

अवांतर: आपण सांगलीच्या. पं. विष्णू दिगंबर पलुसकर हे आपल्या शेजारच्या कुरुंदवाडचे. मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकले आणि ५ मे १९०१ रोजी लाहोरात गांधर्व महाविद्यालय काढले. वेळापत्रक, वर्ग, परीक्षा, फी, हे गाण्यात आणणाऱ्या पहिल्या मोठ्या माणसांपैकी एक. पुढे मुंबईतल्या संस्थेची इमारत कर्जापायी लिलावात गेली. म्हणजे संगीताचे कॉलेज आणि पैशाची चणचण, दोन्ही परंपरा एकाच घराण्यातल्या.

सहज_आलो
मास्तर, शेवटचं वाक्य __/\__

धिरधिर
तबल्यावर पोट भरतो म्हणून 'पोट भरतं का' याला मी उत्तर देतो. आकडे नको, वर्ष सांगतो.

श्रावण लागला की भजनं, मंगळागौरी, सप्ताह. मग गणपती, एका दिवसात तीन ठिकाणी. तबला गाडीच्या डिकीत, डग्गा मांडीवर. लगेच पितृपक्ष, डायरी कोरी. त्यात तबल्याला शाई भरून घ्यायची, पुडी बदलायची, झोप काढायची. नवरात्र. मग दिवाळी पहाट, वर्षातलं सगळ्यात मोठं पाकीट तेव्हा. पहाटे तीनला उठून सहाला मंचावर, समोर उटणं लावून आलेले रसिक. डिसेंबरात सवाई गंधर्व आणि बाकीचे महोत्सव, तिथं आपण बहुतेक वेळा प्रेक्षक. पौषात पुन्हा शांत. उन्हाळ्यात शिबिरं. आणि हे सगळं धरून, घरभाडं निघतं ते शिकवण्यांतून. महिन्याच्या एक तारखेला येणारा पैसा फक्त तोच.

गायिकेचं थोडं वेगळं. साथीदार कुणाबरोबरही वाजवू शकतो, म्हणून कामं जास्त आणि पाकीट लहान. गाणाऱ्याला आधी नाव करावं लागतं. तोवर दुसऱ्याच्या मागे तानपुऱ्यावर बसायचं, मागून दोन आवर्तनं गायला मिळाली तर नशीब. पण तिथंच शिक्षण होतं. कॉलेजच्या तीन वर्षांत तुमच्या लेकीनं पन्नास मैफलींत मागं तानपुरा धरला तर पदवीचा कागद नाही मिळाला तरी चालेल, असं मी बिनधास्त म्हणेन.

आणि एक. पेटी शिकून घे म्हणावं. स्वतःच्या वर्गाला पेटी वाजवता आली नाही तर दर तासाला पेटीवाला कुठून आणणार?

कृष्णाकाठ
बापरे, एका रात्रीत एवढे प्रतिसाद! सगळं तिच्या बाबांना वाचून दाखवलं. पितृपक्षाचं ऐकून म्हणाले, "बघ, महिना कोरा." दिवाळी पहाटेला गप्प.

मास्तर, तुम्ही सांगितल्याप्रमाणे विचारलं. बाई सहा महिने यमनच करून घेतायत म्हणे, लेकीची कुरकुर होती. आता कुरकुर बंद.

निवृत्त_मास्तर
बाई योग्य आहेत.

मिक्सर
मी पडद्यामागचा माणूस, रेकॉर्डिंग आणि मिक्सिंग करतो. गाण्याच्या करिअरमध्ये गाणं हा एक भाग, हे लेकीला आत्ताच कळू दे. माझ्या स्टुडिओत आठवड्याला चारपाच मुलं-मुली येतात. गळे एकाहून एक. पण हेडफोनमध्ये क्लिक (लयीचा टिकटिक ठोका) लावला की लय पळते, कारण आयुष्यभर तबलेवाला त्यांच्या मागं आलेला असतो. माइकपासून किती लांब उभं राहायचं ठाऊक नाही. तान घेताना मान फिरते आणि आवाज गायब. "तिसऱ्या ओळीपासून पंच करू" (तिथूनच पुन्हा गाऊन जोडू) म्हटलं की नेमका तोच सूर, तीच ताकद परत आणता येत नाही. ही कला आहे आणि ती शिकता येते.

घरी सुरुवात करायला फार लागत नाही. एक बरा कंडेन्सर माइक, दोन चॅनेलचा ऑडिओ इंटरफेस, बंद कपाचे हेडफोन आणि गोधड्या. हो, गोधड्या. कपाटाची दोन्ही दारं उघडायची, त्यावर आजीच्या गोधड्या टाकायच्या आणि त्या कोनात तोंड करून गायचं. खोलीचा भणभणाट निम्मा होतो. हजारोंचा फोम नंतर आणा. व्हिडिओसाठी जाणार असेल तर ४८ किलोहर्ट्‌झ, २४ बिट ठेवायचं. आणि रोज स्वतःचं गाणं रेकॉर्ड करून दुसऱ्या दिवशी ऐकायचं. त्याच दिवशी ऐकलं तर सगळं छान वाटतं.

कागदाचंही सांगतो. पहिलं काम मिळालं की पोरं आनंदानं समोर येईल त्यावर सही करतात. २०१२ साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली, त्यानं गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतला वाटा त्यांच्याकडे राहील अशी तरतूद आली, गायक-वादकांनाही हक्क मिळाले. गीतकार-संगीतकारांसाठी आयपीआरएस, १९६९ पासूनची संस्था. गायकांसाठी इसाम्रा. चाल बांधत असेल तर आयपीआरएसचं सभासद व्हायचं. माझ्या तरुणपणी मी एक जिंगल केली, ती वर्षभर वाजली आणि मला मिळाला एक चेक आणि मिठाईचा पुडा. काजूकतली होती, चांगली होती, पण तरी.

बेरीज_वजाबाकी
हे पहिल्यांदा कुणीतरी कामाचं बोललं. बाकी सकाळ, निषाद वगैरे काव्य चालू द्या.

धिरधिर
निषादावरच तर त्या काजूकतलीवाल्यांनी जिंगल केली असेल हो.

मांडवीतीर
गोव्यातून लिहितोय. आमच्याकडे कला अकादमीचं गोवा संगीत महाविद्यालय आहे, पदवी गोवा विद्यापीठाची. मी तिथला नाही, पण धाकटी बहीण होती. तिचा अनुभव असा की वर्गात सगळ्या मुलांची पातळी वेगळी. कुणी देवळातल्या भजनाला लहानपणापासून बसलेला, त्याचा ताल पक्का पण थाट म्हणजे काय ते ठाऊक नाही. कुणी चारपाच परीक्षा दिलेली, थाट दहाही पाठ, पण आरतीला टाळ धरला तर सुटतो. पहिलं वर्ष यांना एका रेषेत आणण्यातच जातं. ज्याची तयारी आधीच झाली आहे त्याला पहिलं वर्ष कंटाळवाणं वाटू शकतं. तुमच्या मुलीला आधी सांगून ठेवा, म्हणजे दोन महिन्यांत "इथं काही शिकवत नाहीत" असा फोन येणार नाही. बहिणीचा आला होता. पाय (वडील) म्हणाले, "बरें मगो, वर्गात शिकवत नाहीत तर लायब्ररीत बस." तिथं तिनं जुनी ध्वनिमुद्रणं ऐकली आणि तिचं सगळं वळण बदललं. आज ती गात नाही, संगीतावर लिहिते.

परसदार
न्यू जर्सीहून. माझ्या दोन्ही मुली पुण्यातल्या एका ताईंकडे ऑनलाइन शिकतात, म्हणून गिऱ्हाइकाच्या बाजूनं लिहिते. इथं मागणी भरपूर आहे. मराठी, कन्नड, तेलुगू, सगळ्या घरांतून. पण टिकणाऱ्या शिक्षिका कमी. आमच्या ताईंना इथले पालक का धरून आहेत? एक, वेळ पाळतात. आमचे शनिवारी रात्रीचे साडेआठ, त्यांचे रविवारी सकाळचे सात. नोव्हेंबरात आणि मार्चमध्ये इथली घड्याळं तासानं सरकतात, ते आम्हाला आठवण करून द्यावं लागत नाही. दोन, मुलींशी इंग्रजीत बोलू शकतात आणि तरी 'गमक' ला गमकच म्हणतात. तीन, यंत्र समजतं. झूम तानपुऱ्याला गोंगाट समजून गिळून टाकतो, त्यासाठी 'ओरिजिनल साउंड' चालू करावं लागतं, हे आम्हाला त्यांनी शिकवलं. एकत्र गाता येत नाही कारण आवाज मागे पडतो, म्हणून त्या अर्धी ओळ गाऊन थांबतात आणि मुली उचलतात. हा वेगळाच शिकवण्याचा घाट आहे.

आणि हो, इथल्या पालकांना पदवी बघायची असते. पहिला प्रश्न तोच असतो. दुसऱ्या महिन्यानंतर कुणी विचारत नाही.

तीव्र_मध्यम
परसदारताईंनी विषय काढला म्हणून 'पदवीची किंमत' हा राहिलेला प्रश्न घेते, कारण इथं अफवा फार.

कागद कुठं लागतो? नोकरीत. केंद्रीय विद्यालयाच्या प्राथमिक संगीत शिक्षकाच्या जागेला बारावीत किमान ५० टक्के आणि संगीतातली पदवी किंवा समकक्ष अशी अर्हता असते. कॉलेजात शिकवायचं तर एम.ए.ला ५५ टक्के आणि नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा, संगीत हा त्यात स्वतंत्र विषय आहे. पीएच.डी. करायची आणि जेआरएफ (संशोधनाची शिष्यवृत्ती) मिळालं तर दरमहा ३७,००० रुपये, गाणाऱ्या माणसाला एवढी निवांत वर्षं दुसरं कुणी देत नाही. पण कायमस्वरूपी प्राध्यापकी हे स्वप्न धरून बसू नये. माझ्या बरोबरचे पाचजण सेट झाले, चौघं तासिका तत्त्वावर आहेत. दोन कॉलेजांत मिळून तास घ्यायचे, सुट्टीत पगार नाही, मानधन येईल तेव्हा येईल.

कागद कुठं लागत नाही? मंचावर, आणि आकाशवाणीत. तिथं ऑडिशन होते आणि श्रेणी मिळते, बी, बी हाय, ए, टॉप. तुमच्या सांगलीला केंद्र आहेच. मी पहिल्या ऑडिशनला पडले. बागेश्री इतका घोटला होता की गाताना मलाच झोप येत होती, त्यांना तर येणारच.

आणि लेक १८ पूर्ण झाली की संस्कृती मंत्रालयाची तरुण कलाकारांची शिष्यवृत्ती आहे, १८ ते २५ वय, दरमहा ५,००० रुपये, दोन वर्षं. तिला गुरूंचं पत्र आणि आधीची तालीम लागते. मिरजेच्या बाईंकडून आत्ताच सगळं लेखी घेऊन ठेवा, बायका तोंडी 'हो गं' म्हणतात आणि ऐन वेळी गावाला असतात.

कृष्णाकाठ
आमच्या बाई फोनच उचलत नाहीत, गावाला कशाला जायला हव्यात!

बरं, प्रवेशाच्या चाचणीत काय विचारतात कुणी सांगाल? तिला तेच टेन्शन आलंय. एक राग पूर्ण बसवून नेला तर चालेल ना?

तीव्र_मध्यम
माझ्या वेळचं सांगते. मी यमन तयार करून गेले होते, विलंबित एकताल, मग द्रुत, पंधरा मिनिटांचा आराखडा डोक्यात. तिसऱ्या आवर्तनाला हात वर झाला, "बास." पोटात गोळा. मग सुरू झालं. दुगुनीत (दुप्पट लयीत) झपताल हातावर म्हण. हा सूर कोणता? (पेटीवर एक पट्टी दाबली.) भूप आणि देशकार यात फरक गाऊन दाखव, बोलून नको. कुणाचं गाणं ऐकतेस? मी दोन मोठी नावं सांगितली. "कोणती रेकॉर्ड?" इथं माझी दांडी गुल. नावं ऐकून माहीत होती, रेकॉर्ड ऐकलेली नव्हती.

तर एक राग पूर्ण असूच दे, पण चारपाच राग असे असावेत की झोपेतून उठवलं तरी दोन मिनिटं गाता येईल. ताल हातावर म्हणता यावेत, ठायीत (मूळ लयीत) आणि दुगुनीत. आणि खोटं नाव सांगू नये. आवडत असेल तर नाट्यगीत आवडतं म्हणावं, लाज कसली. फक्त ते पद कोणत्या रागाच्या अंगानं जातं हे सांगता आलं पाहिजे.

पट्टीचं बघा. बायकांचा आवाज साधारण काळी चार, पांढरी पाचच्या आसपास. पण चाचणीच्या दिवशी सर्दी असेल तर अर्धा स्वर खाली घ्यायला लाजू नये. मी ओढूनताणून नेहमीच्याच पट्टीत गायले आणि तारषड्जावर आवाज फाटला. तरी घेतलं त्यांनी मला, बहुधा झपतालावर.

बेरीज_वजाबाकी
एक प्रामाणिक प्रश्न. नव्या शैक्षणिक धोरणानं आता मधे बाहेर पडता येतं ना? एका वर्षाला प्रमाणपत्र, दोन वर्षांना पदविका, तीनला पदवी, चारला ऑनर्स. मग मुलीला एक वर्ष पाठवा, नाही जमलं तर परत आणा. तोटा मर्यादित. बी.कॉम. दूरस्थ पद्धतीनंही करता येतं.

धिरधिर
अरेच्चा! बेरीजकाका पाठवायला तयार झाले की. धागा बंद करा.

बेरीज_वजाबाकी
मी तोटा मोजतोय. पाठवा म्हणालो नाही. (माझी मुलगी भरतनाट्यम करते. फी मीच भरतो. हे माझं शेवटचं पोस्ट.)

निवृत्त_मास्तर
एक वर्ष हा हिशेब गाण्यात लागू पडत नाही. एका वर्षात खालचा सा, म्हणजे खर्जसुद्धा बसत नाही. परंतु पालकांच्या मनाचा खर्ज बसायला एक वर्ष पुरेल, त्या दृष्टीने सूचना चांगली.

कृष्णाकाठ
मंडळी, धागा वर काढतेय, रागावू नका. बारावीचे पेपर झाले. पुण्याची चाचणीही झाली, कालच निकाल लागला. झालं तिचं! तीव्र_मध्यमताई, तिला खरंच ताल हातावर म्हणायला लावला, चौताल. आणि कोणती रेकॉर्ड, हेही विचारलं. हिनं सांगितलं, रेकॉर्ड नाही, मिरजेच्या दर्ग्यातल्या उत्सवात समोर बसून ऐकलंय. मग ते लोक उत्सवाबद्दलच बोलत बसले म्हणे.

आता तीच लिहितेय, मी फोन देते.

कृष्णाकाठ
नमस्कार काका-मावशी, मी लेक. सगळ्यांना थँक्यू. मला एकच विचारायचं होतं. होस्टेलमध्ये पहाटे रियाज करू देतात का? खोलीत तिघी आहेत आणि बाकीच्या दोघी फार्मसीच्या आहेत. बाईंनी चार महिने मंद्र (खालचं सप्तक) सोडायचा नाही म्हणून सांगितलंय. खर्ज साडेपाचला लावला तर त्या मला हाकलतील असं वाटतंय.

तीव्र_मध्यम
हाकलतील. मीही हाकलली गेले होते. आमच्या इमारतीच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीखाली एक खोली होती, झाडू-बादल्यांची. वॉचमनकाकांना विचारून ती घेतली. भिंती ओल्या, पण घुमायचं असं की खर्ज लावला की टाकीतलं पाणी बोलतंय असं वाटायचं. पहिल्या आठवड्यात गच्ची, जिना, रिकामे वर्ग, सगळं फिरून बघ. विभागाचे वर्ग किती वाजता उघडतात आणि किल्ली कुणाकडे असते, हे प्राध्यापकांना न विचारता शिपाईकाकांना विचार. आणि फार्मसीवाल्यांना परीक्षेच्या आधी चहा करून दे. त्या औषधाला उपयोगी पडतात, घसा बसला की कळेल.

धिरधिर
तबलेवाला असतीस तर डग्ग्यावर टॉवेल टाक म्हटलं असतं. गळ्यावर काय टाकणार! विचारपुशीत (खासगी निरोपात) माझ्या ओळखीच्या दोन तबलेवाल्यांची माहिती देतो, तिथंच दुसऱ्या वर्षाला आहेत. त्यांनाही सकाळी साथीला कुणीतरी हवंच असतं.

मिक्सर
खर्ज लावताना फोन रेकॉर्डिंगवर ठेवायला विसरू नकोस. दुसऱ्या दिवशी ऐक.

कृष्णाकाठ
परत मी, आई. शेवटचा प्रश्न, मग पाककृतींकडे जाते. तंबोरा एसटीनं न्यायचा कसा? मिरजेच्या सतारमेकर गल्लीतून जुना तंबोरा घेतलाय, तिच्या बाबांनीच. मला पत्ता नव्हता. दोन रविवार "जरा मिरजेला जाऊन येतो" म्हणून जात होते. जवारी काढून घेतली (तारांचा झणकार नीट लागावा म्हणून), खोळ शिवून घेतली, आणि घरी आणून कोपऱ्यात उभा केला तो खोळीतच, गाठसुद्धा सोडली नाही. वर काल स्टँडवर जाऊन कंडक्टरला विचारून आले की याचं तिकीट पडतं का.

निवृत्त_मास्तर
तारा थोड्या उतरवाव्यात, पूर्ण सैल करू नयेत. भोपळ्याभोवती गोधडी घट्ट गुंडाळावी. डिकीत किंवा टपावर अजिबात टाकू नये. शेवटच्या लांब सीटवर खिडकीकडे आडवा ठेवून एका माणसाने हाताशी बसावे.

कृष्णाकाठ
हाताशी बसायला तेच जाणार आहेत. रजा टाकलीय.